मुस्लिम धर्मस्थळे व इतर धर्मीयांचा प्रवेश : सातारा-सांगली परिसराच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात वसलेले रहिमतपूर हे आदिलशाही काळाच्या खुणा जपणारे गाव आहे. येथे एक जुनी मशीद व एक घुमटाची कबर असून ती कबर विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याची मानली जाते. मुहंमद आदिलशहाच्या कारकिर्दीत (1627-1656) हा सरदार नावारूपास आला. 1638 च्या सुमारास बंगळूरच्या मोहिमेत शहाजीराजे त्याच्या बरोबरीने होते. मशिदीजवळ एक विहीर व तिला जोडून सुमारे पन्नास फूट उंचीचा दगडी मनोरा आहे. विहिरीचे पाणी उंचावर चढवून मशिदीतील कारंज्याला पुरविण्यासाठी ही योजना केली होती, अशी नोंद ब्रिटिशकालीन जिल्हा गॅझेटियरमध्ये सापडते. या वास्तू पाहण्यासाठी येणाऱ्या अभ्यासकाला त्याचा धर्म विचारला जात नाही. तथापि वास्तू पाहणे आणि पवित्र स्थळात प्रवेश करणे या एकच गोष्टी आहेत काय, असा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर मनात येतो.

मुस्लिमांची पवित्र स्थळे इतर धर्मीयांसाठी बंद असावीत काय, हा प्रश्न अलीकडे दोन वेगवेगळ्या बाजूंनी विचारला जातो. मक्केत आम्हाला प्रवेश नाही, मग आमच्या तीर्थक्षेत्री तुम्हाला का असावा, असे एक बाजू म्हणते. आमच्या दर्ग्यात आज जो दर्शनाला येतो तो उद्या मालकी सांगेल, म्हणून दार लावलेले बरे, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही बाजू आपापल्या भूमिकेला परंपरेचा आधार देतात. ही परंपरा प्रत्यक्षात काय होती, हे तपासणे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. प्रस्तुत शोधनिबंधात रहिमतपूर, मिरज, गोटखिंडी, कडेगाव या सातारा-सांगली परिसरातील स्थळांना केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

संशोधनाची उद्दिष्टे :

1) मुस्लिम पवित्र स्थळांचे प्रकार व प्रत्येक प्रकारातील प्रवेशाचे नियम स्पष्ट करणे.
2) दक्षिण महाराष्ट्रातील मशिदी व दर्गे यांच्याशी इतर धर्मीयांचे असलेले ऐतिहासिक संबंध तपासणे.
3) प्रवेशबंदीची कारणे परंपरेत आहेत की अलीकडच्या परिस्थितीत, याचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. बखरवाङ्मय, जिल्हा गॅझेटियर, ग्रामव्यवस्थेवरील ग्रंथ, न्यायालयीन निवाडे व प्रसिद्ध झालेली वृत्ते यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) एकच शब्द, तीन प्रकारची स्थळे

'मुस्लिम पवित्र स्थळ' हा शब्दप्रयोग चर्चेत सरसकट वापरला जातो आणि बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो. हरम, मशीद आणि दर्गा ही तीन भिन्न स्थळे आहेत. हरम म्हणजे मक्केचा निषिद्ध सीमा असलेला पवित्र परिसर. मदिनेलाही असाच दर्जा दिला जातो. मशीद ही सामुदायिक नमाजाची जागा होय. दर्गा म्हणजे सत्पुरुषाची समाधी. तिला धर्मशास्त्रापेक्षा लोकश्रद्धेने मोठे केले आहे. या तिन्ही ठिकाणच्या प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, त्यांचे उगम वेगळे आहेत आणि त्यांवर हक्क सांगणारे लोकही वेगळे आहेत. मक्केचा नियम मिरजेला लावता येत नाही, तसेच मिरजेच्या उदाहरणावरून मक्केला दूषण देणेही सयुक्तिक ठरत नाही.

आ) हरम : अपवादाचे स्थान

मक्केतील प्रवेशबंदीचा आधार कुराणाच्या तौबा या सूरेतील अठ्ठाविसाव्या आयतीत सांगितला जातो. हिजरी सनाच्या नवव्या वर्षी, म्हणजे इ. स. 631 मध्ये, मूर्तिपूजकांनी यापुढे पवित्र मशिदीजवळ येऊ नये, अशी घोषणा हजच्या प्रसंगी करण्यात आली. या आयतीचा अर्थ लावताना धर्मशास्त्रज्ञांमध्ये एकमत झाले नाही. इमाम मालिक यांनी ही बंदी सर्वच मशिदींना लागू मानली. इमाम शाफई यांनी ती मक्केच्या पवित्र परिसरापुरती मर्यादित ठेवली व इतर मशिदींत मुस्लिमांच्या परवानगीने प्रवेश ग्राह्य धरला. इमाम अबू हनीफा यांच्या मते तर या आयतीने जुन्या पद्धतीच्या हजयात्रेस मनाई केली, साध्या प्रवेशास नव्हे.

आज सौदी अरेबियाच्या कायद्याने मक्केत बिगरमुस्लिमांना प्रवेश नाही. मदिनेच्या बाबतीत मात्र हा नियम काहीसा सैल झालेला दिसतो. 2021 मध्ये मदिनेकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील फलकांतील 'केवळ मुस्लिमांसाठी' या अर्थाचे शब्द बदलून हरमची सीमा दर्शविणारे शब्द लिहिण्यात आले. जानेवारी 2024 मध्ये भारताच्या तत्कालीन अल्पसंख्याक व्यवहार मंत्री स्मृती इराणी यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने मदिनेस भेट देऊन पैगंबरांच्या मशिदीचा बाह्य परिसर पाहिला. म्हणजे जेथे बंदी सर्वांत जुनी आहे तेथेही तिची सीमा कोठे आखावी, हा निर्णय काळानुसार बदलत आला आहे. तरीही मक्का हा इस्लामी परंपरेतील अपवाद आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. अपवादावरून सामान्य नियम काढणे हे इतिहासात व तर्कशास्त्रात सारखेच चुकीचे ठरते.

इ) मशीद : शास्त्र आणि गावगाडा

महाराष्ट्रातील बहुसंख्य सुन्नी मुस्लिम हनफी परंपरेचे असून कोकणी मुस्लिम प्रामुख्याने शाफई परंपरेचे आहेत. वर सांगितलेला मतभेद लक्षात घेतला तर या दोन्ही परंपरांत सर्वसाधारण मशिदीचे दार इतर धर्मीयांना शास्त्राने बंद केलेले नाही. नजरानच्या ख्रिस्ती शिष्टमंडळाला पैगंबरांनी मदिनेच्या मशिदीत भेट दिली व सकीफ जमातीच्या लोकांना, त्यांनी इस्लाम स्वीकारण्यापूर्वीच, मशिदीच्या आवारात उतरवून घेतले, हे दाखले यासंदर्भात नेहमी दिले जातात. स्वच्छता, पादत्राणे बाहेर ठेवणे, अंग झाकणारा पोशाख आणि नमाजाच्या वेळी शांतता, एवढ्या अटी मात्र सर्वत्र आढळतात.

शास्त्राइतकेच महत्त्व ग्रामव्यवस्थेला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' (1915) या ग्रंथात वर्णन केलेल्या मराठी गावात मुलाणा हा गावकामगारांच्या रचनेचा भाग होता. मशिदीची झाडलोट व दिवाबत्ती करणे आणि गावच्या जत्रेत बकरे हलाल करून देणे ही त्याची कामे असत. त्याबद्दल त्याला शेतकऱ्यांच्या खळ्यावरून धान्य मिळे आणि काही ठिकाणी इनाम जमीनही असे. याचा अर्थ असा की, मशिदीत जळणाऱ्या दिव्याच्या तेलात कुणब्याच्या सुगीचा वाटा होता. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 मध्ये लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांनी पीर व मशिदी यांची दिवाबत्ती आणि नैवेद्य स्थान पाहून चालविल्याचे नमूद केले आहे. ही परंपरागत व्यवस्था राज्य बदलले तरी मोडू नये, हा विचार त्यामागे दिसतो. ज्या मशिदीचा खर्च गाव उचलत होते, तिला गाव परके मानीत नव्हते व तीही गावाला परकी नव्हती.

या पार्श्वभूमीवर सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील गोटखिंडीचे उदाहरण तपासण्याजोगे आहे. येथील मशिदीत 1980 पासून गणेशोत्सवात गणपतीची प्रतिष्ठापना केली जाते. पावसामुळे मूर्तीला आसरा देण्याच्या निमित्ताने ही प्रथा सुरू झाल्याचे सांगितले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथेही काही मशिदींत गणपती बसतो. वर्तमानपत्रे दरवर्षी या घटनेचे कौतुक करतात. अभ्यासकाने मात्र येथे थोडे थांबले पाहिजे. मशिदीत इतर धर्मीयाने येणे ही एक गोष्ट आहे आणि तेथे मूर्तीची पूजा होणे ही दुसरी. पहिलीला हनफी शास्त्राची मान्यता आहे; दुसरीला ती मिळणे अवघड आहे. म्हणून गोटखिंडी हा इतर गावांवर लादण्याचा नियम होऊ शकत नाही. गोटखिंडीच्या मुस्लिमांनी शेजाऱ्यांसाठी आपणहून घेतलेला तो निर्णय आहे आणि त्याचे मोल तो आपणहून घेतला यातच आहे. एखाद्या गावाने असे करण्यास नकार दिला, तर त्या गावाला असहिष्णू म्हणण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

प्रवेश आणि उपासना यांत असा फरक जगात इतरत्रही केलेला आढळतो. जेरुसलेमच्या अल-अक्सा परिसरात 1967 नंतर चालत आलेल्या व्यवस्थेनुसार इतर धर्मीयांना ठरावीक वेळी भेट देता येते. प्रार्थना मात्र मुस्लिमांनीच करावयाची असते. या व्यवस्थेवरून तेथे वारंवार संघर्ष होतो, कारण भेटीच्या आडून उपासनेचा व उपासनेच्या आडून मालकीचा दावा येईल, अशी भीती कायम असते.

ई) दर्गा : दर्शन नव्हे, मान

दर्ग्याच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूपच बदलते. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या ग्रंथात (1978) दर्ग्यांनी सामान्य जनतेला, विशेषतः ग्रामीण स्त्रियांना, कसे जवळ केले हे दाखवून दिले आहे. जात्यावर दळताना म्हणावयाची दखनी गीते ही त्या संबंधाची साक्ष होय. रहिमतपूर, मिरज, सांगली हा सारा प्रदेश एकेकाळी याच विजापूरच्या अमलाखाली होता.

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. या गोष्टीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चर्मकार समाजातील भाविक तेथे केवळ पाहुणे म्हणून जात नाहीत. त्यांच्या गलेफाने उरुसाची सुरुवात होते, म्हणजे उरुसाच्या विधीत त्यांना स्थान आहे. ज्या काळात याच समाजाला गावच्या देवळाच्या पायरीपाशी थांबावे लागत होते, त्या काळापासून दर्ग्यात त्यांचा मान पहिला होता. मराठा राज्यव्यवस्थेत 'मान' हा शब्द सौजन्याचा नव्हता. तो वतनी हक्काच्या जातीचा होता. मानपानाच्या तंट्यांत गोतसभा बसत व महजर होत. त्यामुळे मिरजेचा दर्गा 'बिगरमुस्लिमांना बंद करावा' असे कोणी उद्या म्हणाले, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हक्क त्यामुळे हिरावला जाईल.

याच दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ उरुसात संगीताची हजेरी लागते आणि ती लावणाऱ्या कलावंतांत हिंदू व मुस्लिम असा भेद कधी केला गेला नाही. कडेगावच्या मोहरममध्ये मुस्लिमांबरोबर हिंदूंचेही उंच ताबूत निघतात. सातारा-सांगलीच्या अनेक गावांत पंजांची सवारी हिंदू घराण्याच्या अंगावर येते. या सर्व ठिकाणी इतर धर्मीयांना वगळले तर उरूस किंवा मोहरम आज आहे त्या स्वरूपात उरणारच नाही.

या सहभागाचे अवास्तव उदात्तीकरणही होता कामा नये. सप्टेंबर 2009 मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरील चित्रावरून मिरज व सांगलीत दंगल उसळली. गलेफाची परंपरा ती थांबवू शकली नाही. सामायिक श्रद्धास्थान हे शांततेचे हमीपत्र नसते. परंतु दंगलीनंतरही गलेफ सुटला नाही, हीदेखील तितकीच खरी गोष्ट आहे.

उ) बंदी कोठून येते?

परंपरेत दार उघडे असेल, तर ते बंद कसे होते? उपलब्ध उदाहरणांवरून तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग राज्यसत्तेचा. मोरोक्कोमधील मशिदी बिगरमुस्लिमांना बंद आहेत, ही गोष्ट अनेकदा इस्लामी कर्मठपणाचा पुरावा म्हणून सांगितली जाते. हे खरे की तेथे मालिकी परंपरा आहे. तथापि आधुनिक स्वरूपातील सरसकट बंदी 1912 नंतर फ्रेंच रेसिडेंट जनरल लियोते यांच्या प्रशासनाने, युरोपीय लोकांच्या वावरामुळे असंतोष होऊ नये म्हणून अमलात आणली. 1993 मध्ये पूर्ण झालेली कासाब्लांकाची हसन दुसरा मशीद मात्र सर्वांना पाहता येते. आपल्याकडेही असे प्रसंग घडले आहेत. मे 2022 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खुलदाबाद येथील औरंगजेबाची कबर सुरक्षेच्या कारणास्तव पाच दिवस सर्वांसाठी बंद ठेवली. कोल्हापूर जिल्ह्यातील विशाळगडावर मलिक रेहान यांचा दर्गा असून तेथे हिंदू भाविकही जात आले आहेत. 14 जुलै 2024 रोजी अतिक्रमणाच्या प्रश्नावरून गडाच्या पायथ्याशी गजापूर येथे हिंसाचार झाला, मशिदीची मोडतोड झाली आणि त्यानंतर काही महिने गडावर जाण्यास मनाई होती. या बंदीत हिंदू व मुस्लिम दोघेही दर्शनाला मुकले.

दुसरा मार्ग अंतर्गत शुद्धीकरणाचा. दर्ग्यांतील प्रथा शुद्ध इस्लामला धरून नाहीत, असे मानणारा प्रवाह मुस्लिम समाजात आहे. त्याच्या प्रभावामुळे जुने रिवाज बदलतात. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात पूर्वी स्त्रिया कबरीपर्यंत जात असत. 2011-12 च्या सुमारास विश्वस्तांनी त्यांना मज्जाव केला व ही बंदी धर्माची आज्ञा म्हणून मांडली. मुंबई उच्च न्यायालयाने 26 ऑगस्ट 2016 रोजी ती बेकायदेशीर ठरविली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांनी स्त्रियांना प्रवेश देण्याचे मान्य केले. हा वाद स्त्रियांच्या प्रवेशाचा असला, तरी आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : जी बंदी अनादी म्हणून सांगितली जाते, ती प्रत्यक्षात चार-पाच वर्षांचीही असू शकते.

तिसरा मार्ग भीतीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील मजकुराच्या निमित्ताने जमाव जमला. त्याने मशिदीवर हल्ला केला, त्यात एका तरुणाचा बळी गेला आणि अनेक जण जखमी झाले. जिल्ह्यातील इंटरनेट सेवा काही काळ बंद करावी लागली. पुसेसावळी रहिमतपूरपासून फार दूर नाही. अशा घटनेनंतर एखाद्या गावच्या जमातीने मशिदीला कुलूप लावावयाचे ठरविले, अनोळखी माणसाला 'आपण कोण' असे विचारावयाचे ठरविले, तर त्या कुलपाचे कारण धर्मशास्त्रात शोधता येणार नाही. ते शेजारात शोधावे लागेल.

ऊ) कायद्याची भूमिका

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 26 नुसार प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था पाहण्याचा अधिकार आहे. या अधिकाराच्या मर्यादा ठरविणाऱ्या महत्त्वाच्या निकालांपैकी दोन निकाल साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिले, ही आपल्या परिसराच्या दृष्टीने उल्लेखनीय बाब आहे. अजमेर दर्गा समिती प्रकरणात (1961) त्यांनी या दर्ग्याला मुस्लिमांप्रमाणेच हिंदू, खोजा व पारशी भाविकही जातात, याची दखल घेतली. धर्माचा आवश्यक भाग असलेल्या प्रथा व नंतर चिकटलेल्या प्रथा यांत फरक करण्याची गरजही त्यांनी प्रतिपादन केली. 1966 च्या यज्ञपुरुषदासजी प्रकरणात स्वामिनारायण मंदिरांत दलितांना प्रवेश नाकारण्याचा दावा त्यांनी फेटाळला.

मंदिर प्रवेशाच्या इतिहासाशी येथे तुलना करणे स्वाभाविक आहे. 1929 चा पर्वती सत्याग्रह, 1930 चा काळाराम मंदिर सत्याग्रह आणि पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी 1947 मध्ये केलेले उपोषण या लढ्यांतून 1956 चा मुंबई हिंदू सार्वजनिक पूजास्थान प्रवेश कायदा साकार झाला. परंतु हा कायदा हिंदूंच्या सर्व वर्गांना प्रवेशाचा हक्क देतो. इतर धर्मीयांना नव्हे. मंदिर प्रवेशाचा लढा हा ज्यांना स्वधर्मातच बाहेर ठेवले होते त्यांचा होता. म्हणून हिंदूला मशिदीत वा मुस्लिमाला मंदिरात जाण्याचा प्रश्न त्या मापाने मोजता येत नाही. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात बिगरहिंदूंना प्रवेश नाही आणि तो नियम बदलावा की नाही, हे प्रथम त्या मंदिराच्या भक्तांनी ठरवावयाचे आहे. हाच न्याय मशिदीला लावला पाहिजे.

ए) बंदीच्या बाजूचे युक्तिवाद

बंदीची मागणी करणाऱ्या मुस्लिमांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद मालकीच्या भीतीचा आहे. कल्याणजवळील हाजी मलंगच्या स्थानाचे वहिवाटदार एक ब्राह्मण कुटुंब असून तेथे दोन्ही धर्मांचे लोक येतात. याच स्थानाला मलंगगड म्हणून मंदिराचा दर्जा मिळावा, यासाठी 1980 च्या दशकापासून आंदोलने झाली. सामायिक श्रद्धा हाच पुढे एकट्याच्या मालकीचा पुरावा बनविला गेला, तर दार उघडे ठेवणाऱ्याने काय करावे? 1991 च्या उपासनास्थळे कायद्याने 15 ऑगस्ट 1947 रोजी असलेले धर्मस्थळांचे स्वरूप कायम ठेवण्याचे बंधन घातले. तरीही दावे दाखल होत राहिले. अखेर 12 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला असे नवे दावे नोंदवून घेण्यास व सर्वेक्षणाचे आदेश देण्यास कनिष्ठ न्यायालयांना मनाई करावी लागली. वक्फ (सुधारणा) अधिनियम, 2025 मधील वक्फ मंडळांवर बिगरमुस्लिम सदस्य नेमण्याच्या तरतुदीकडेही अनेक मुस्लिम याच दृष्टीने पाहतात. त्यांच्या मते, हे दार आतून उघडलेले नसून बाहेरून उघडले जात आहे.

या युक्तिवादात तथ्य आहे व तो दुर्लक्षून उघड्या दाराचा उपदेश करणे अन्यायाचे ठरेल. मात्र बंदी हा त्यावरील उपाय आहे काय? दर्ग्यातून हिंदू भाविक वजा केल्याने मालकीचे दावे थांबणार नाहीत. उलट, ज्या शेजाऱ्याने 'हा आमचा पीर आहे' असे म्हणून अशा दाव्याला विरोध केला असता, तो साक्षीदारच गमावला जाईल. मिरजेच्या दर्ग्याचे संरक्षण पोलीस बंदोबस्ताइतकेच गलेफाच्या मानकऱ्यांवर अवलंबून आहे.

'मक्केत प्रवेश नाही' हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद मात्र तपासणीत टिकत नाही. मक्केचा नियम सौदी अरेबियाचे राज्य ठरविते. रहिमतपूरच्या मुलाण्याचा त्यात काहीही वाटा नाही. ज्याच्या हाती ती किल्ली नाही, त्याच्याकडून त्याचा हिशेब मागणे हे न्यायाला धरून नाही.

निष्कर्ष :

1) हरम, मशीद व दर्गा यांच्या प्रवेशाचे नियम भिन्न आहेत. मक्केतील बंदी ही अपवादात्मक असून ती भारतातील मशिदी व दर्ग्यांना लागू होत नाही.
2) महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या हनफी व शाफई परंपरांनुसार सर्वसाधारण मशीद इतर धर्मीयांना बंद नाही. तथापि तेथील प्रवेश हा हक्क नसून यजमानाच्या परवानगीने मिळणारी गोष्ट आहे. प्रवेश व उपासना यांत फरक करणे आवश्यक आहे.
3) सातारा-सांगली परिसरातील दर्ग्यांत इतर धर्मीयांचे स्थान पाहुण्याचे नसून मानकऱ्याचे आहे. त्यांना वगळणे म्हणजे परंपरा जपणे नव्हे, तर ती मोडणे होय.
4) अभ्यासलेल्या उदाहरणांतील बंदी राज्यसत्तेचे आदेश, अंतर्गत शुद्धीकरण किंवा हिंसेची भीती यांतून आलेली असून ती अलीकडच्या काळातील आहे.
5) मशिदी व दर्गे खुले राहावेत, अशी अपेक्षा करणाऱ्या बहुसंख्य समाजावर व शासनावर ती स्थळे सुरक्षित ठेवण्याची आणि प्रवेशाचे रूपांतर मालकीच्या दाव्यात होऊ न देण्याची जबाबदारी आहे.

समारोप :

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील अनेक शहरांत मशिदी इतर धर्मीयांना दाखविण्याचे 'मस्जिद परिचय' या नावाचे कार्यक्रम होत आहेत. वजू कसा करतात, मिंबर म्हणजे काय, अजानचा अर्थ काय, हे तेथे समजावून सांगितले जाते. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु ज्या प्रदेशात मुलाण्याला खळ्यावरून धान्य मिळत होते आणि पिराच्या गलेफाचा मान चर्मकार समाजाला होता, तेथे एकमेकांच्या श्रद्धास्थानांचा परिचय करून देण्यासाठी आज स्वतंत्र कार्यक्रम आखावा लागतो, ही गोष्ट आपल्याला अंतर्मुख करणारी आहे.

रहिमतपूरच्या नावात 'रहमत' हा शब्द आहे. त्याचा अर्थ कृपा असा होतो. शहाजीराजे ज्या सरदाराबरोबर मोहिमेवर गेले, त्याची मानली जाणारी कबर येथे आहे. तिच्याकडे परक्या सत्तेचा अवशेष म्हणून पाहावयाचे की आपल्या गावच्या इतिहासाचा भाग म्हणून, हे येथील शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना आपण काय शिकवितो, यावरही अवलंबून राहील. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात गावच्या मशिदीचे व दर्ग्याचे इनाम, मानपान व उरुसाची रीत यांच्या नोंदी विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या, तर कोणाचा कोठे मान होता हे कागदावर राहील. या मानपानाची माहिती असणारी वृद्ध पिढी आज हयात आहे. म्हणून हे काम लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही.